फॅटी लिव्हर: धोका कुणाला जास्त, हे आधी कसे ओळखायचे?

पोटदुखीसाठी किंवा पित्ताच्या खड्यासाठी सोनोग्राफी केली की रिपोर्टच्या शेवटी हल्ली एक ओळ हमखास दिसते: 'ग्रेड वन फॅटी लिव्हर'. ती वाचून घरात दोन प्रकारची प्रतिक्रिया उमटते. कोणी म्हणते, "आजकाल सगळ्यांनाच असतं, सोड." कोणी संशयाने विचारते, "हा चोरून पितो की काय?" आयुष्यात कधी थेंबही न घेतलेल्या बाईलाही हा प्रश्न ऐकावा लागतो. ती मग रिपोर्ट कपाटात ठेवते आणि पुढच्या तपासणीला जातच नाही.

या दोन्ही प्रतिक्रिया घातक आहेत. भारतात झालेले वेगवेगळे अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा दर १०० प्रौढ माणसांमागे सुमारे ३८ जणांच्या यकृतात जास्तीची चरबी आढळली. या सगळ्यांचे यकृत खराब होत नाही. बहुतेकांचे आयुष्य यकृताच्या त्रासाशिवाय जाते. थोड्यांचे यकृत मात्र हळूहळू कडक होत जाते आणि त्यांना ते कळते तेव्हा पोटात पाणी झालेले असते. हे थोडे लोक कोण, हे आधी ओळखता येईल का? बऱ्याच प्रमाणात येते. त्यासाठी महागडी जनुक तपासणी लागत नाही. शिंप्याची टेप, घरातला इतिहास आणि तीन साध्या रक्ततपासण्या यांवर पहिला अंदाज बांधता येतो.

यकृतात चरबी म्हणजे नेमके काय?

यकृत, म्हणजेच लिव्हर, पोटाच्या उजव्या बाजूला बरगड्यांखाली असते. खाल्लेल्या अन्नाची साखर आणि चरबी साठवणे, वाटून देणे, औषधे आणि विषारी पदार्थ निकामी करणे ही कामे ते करते. शरीराला लागते त्यापेक्षा जास्त साखर आणि चरबी रोज येत राहिली की यकृताच्या पेशींमध्ये चरबीचे थेंब साचू लागतात. पाच टक्क्यांहून जास्त पेशींमध्ये अशी चरबी दिसली की त्याला फॅटी लिव्हर म्हणतात.

पुढचा प्रवास टप्प्याटप्प्याने होतो. आधी नुसती चरबी साचते. काहींच्या यकृताला त्यामुळे सूज येते. सूज बरीच वर्षे टिकली तर जखम भरल्यावर जसा व्रण राहतो, तसे यकृतात आतून व्रण पडतात. व्रण वाढत जाऊन सगळे यकृत कडक आणि गाठाळ झाले की तो सिरॉसिस. पोटात पाणी, रक्ताची उलटी, कावीळ, यकृताचा कॅन्सर हे त्यापुढचे धोके.

यात दोन गोष्टी नीट समजून घ्या. पहिली, व्रण पडेपर्यंत बहुतेकांना काहीच दुखत नाही. दुसरी, सोनोग्राफीतला 'ग्रेड' चरबी किती दिसते ते सांगतो, व्रण किती पडले ते सांगत नाही. ग्रेड वन असलेल्या माणसाच्या यकृतातही व्रण असू शकतात आणि ग्रेड टू असलेल्याच्या यकृतात ते नसूही शकतात. म्हणून ग्रेड पाहून घाबरू नका आणि ग्रेड पाहून निर्धास्तही होऊ नका. खरा प्रश्न व्रणांचा आहे.

दारू न पिणाऱ्यालाही होतो

दारूमुळे यकृतात चरबी साचते, हे खरेच आहे. पण दारूला कधी स्पर्श न केलेल्या लाखो लोकांनाही हा आजार होतो. त्याचे मूळ शरीरातल्या साखर-चरबीच्या कारभारातल्या बिघाडात असते. जगभरच्या यकृततज्ज्ञांनी २०२३ मध्ये या आजाराचे नावच बदलले. जुन्या नावात दारूचा उल्लेख होता आणि त्यामुळे रुग्णांवर उगाच डाग लागत होता, हे त्यामागचे एक कारण होते. आता त्याला चयापचयाच्या बिघाडातून होणारा फॅटी लिव्हर म्हणतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून डॉक्टर त्याला 'मॅसल्ड' म्हणतात.

यकृतात चरबी आहे आणि खालच्या पाचपैकी एक जरी गोष्ट आहे, तर हा आजार आहे असे धरले जाते:

१. पोटाचा घेर किंवा वजन जास्त. आपल्याकडे पुरुषाचा घेर ९० सेंटीमीटरच्या वर आणि बाईचा ८० च्या वर गेला की तो जास्त समजतात.
२. उपाशीपोटी शुगर १०० किंवा जास्त, तीन महिन्यांची सरासरी शुगर ५.७ किंवा जास्त, किंवा मधुमेहाचे औषध चालू.
३. बीपी १३०/८५ किंवा जास्त, किंवा बीपीची गोळी चालू.
४. रक्तातली ट्रायग्लिसराइड ही चरबी १५० किंवा जास्त.
५. चांगले कोलेस्टेरॉल, म्हणजे एचडीएल, पुरुषात ४० पेक्षा आणि बाईत ५० पेक्षा कमी.

यातल्या जितक्या जास्त गोष्टी एका माणसात एकत्र येतात, तितका पुढे व्रण पडण्याचा धोका वाढतो. त्यातही मधुमेह सगळ्यात वजनदार. मधुमेह असलेल्या निम्म्याहून अधिक लोकांच्या यकृतात चरबी असते. म्हणून शुगरच्या प्रत्येक रुग्णाने डोळे आणि किडनीबरोबर यकृताचीही चौकशी केली पाहिजे.

"मी तर बारीक आहे"

फॅटी लिव्हर हा खात्यापित्या, जाड लोकांचा आजार आहे, असा समज आहे. पश्चिम बंगालमधल्या बीरभूम जिल्ह्यातल्या गावांत डॉक्टरांनी १,९११ प्रौढांची तपासणी केली. बहुतेक लोक गरीब, अंगमेहनत करणारे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात १०० मागे जवळपास ९ जणांना फॅटी लिव्हर निघाला. त्यातले तीन चतुर्थांश रुग्ण लठ्ठ नव्हते. काहींना तर सिरॉसिस झालेला होता.

बारीक माणसाच्या यकृतात चरबी कुठून आली? याचे एक उत्तर आपल्या महाराष्ट्रातल्या संशोधनातून मिळते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायांची आणि त्यांच्या बाळांची वर्षानुवर्षे पाहणी केली. तिथल्या बाळांचे जन्माचे सरासरी वजन २.७ किलो होते, तर तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधल्या बाळांचे ३.५ किलो. आपल्या बाळांचे स्नायू कमी भरले होते, पण कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून होती. दिसायला किडकिडीत, आतून चरबीचा साठा जास्त. आईला पुरेसे सकस अन्न न मिळणे आणि बाळाच्या शरीराची घडण यांचा संबंध आहे. उपासमारीत वाढलेल्या शरीराला पुढे शहरात वडापाव, गोड चहा आणि बसून काम मिळाले की चरबी हातापायांवर दिसत नाही, पोटात आणि यकृतात जाऊन बसते.

त्यामुळे वजनकाट्यापेक्षा टेपवर जास्त भरवसा ठेवा. सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध टेप आडवी धरा. श्वास सोडल्यावर, पोट आत न ओढता मोजा. कपड्यावरून मोजू नका. टेप इंचाची असेल तर पुरुषासाठी साडेपस्तीस आणि बाईसाठी साडेएकतीस इंच ही मर्यादा लक्षात ठेवा.

जनुकांचा वाटा किती?

एकाच घरात, एकाच चुलीवरचे खाऊन एका भावाचे यकृत खराब होते आणि दुसऱ्याचे होत नाही. असे का? याचे एक कारण जनुकांत आहे. जनुक म्हणजे शरीर कसे चालवायचे याची लिखित सूचना. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून.

अमेरिकेतल्या डॅलस शहरात शास्त्रज्ञांनी वेगवेगळ्या वंशांच्या लोकांच्या यकृतातली चरबी मोजली आणि त्यांची जनुके तपासली. २००८ मध्ये त्यांनी पीएनपीएलए-३ या जनुकातला एक लहानसा बदल जगासमोर आणला. हा बदल म्हणजे लांबलचक मजकुरातले एक अक्षर चुकावे, इतकाच. पण त्यामुळे यकृतातल्या चरबीच्या थेंबावर बसणारे एक प्रथिन नीट काम करत नाही आणि साचलेली चरबी मोकळी व्हायला अडथळा येतो. ज्यांच्या दोन्ही प्रतींत हा बदल होता, त्यांच्या यकृतात इतरांपेक्षा दुपटीहून जास्त चरबी होती. हा बदल भारतीयांतही आढळतो. पुढे टीएम-६-एसएफ-२ यासारखी धोका वाढवणारी आणखी जनुके सापडली. २०१८ मध्ये एचएसडी-१७-बी-१३ या जनुकातला एक बदल यकृताचे संरक्षण करतो, असेही दिसले. म्हणजे जन्मतः कोणाला थोडा धोका जास्त मिळतो, कोणाला थोडे संरक्षण.

मग आपल्या हातात काय उरले? याचे उत्तर २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आहे. डॅलसच्या लोकांचे वजन आणि जनुके शास्त्रज्ञांनी एकत्र ठेवून पाहिली. ज्यांचे वजन आटोक्यात होते, त्यांच्यात सदोष जनुकाच्या दोन प्रती असलेल्या आणि एकही नसलेल्या लोकांच्या यकृतातली चरबी जवळपास सारखीच निघाली, दोन टक्क्यांच्या आसपास. ज्यांचे वजन फार वाढलेले होते, म्हणजे पाच फूट तीन इंच उंचीला ९० किलो किंवा जास्त, त्यांच्यात मात्र चित्र पालटले. सदोष जनुक नसलेल्यांच्या यकृतात सुमारे साडेपाच टक्के चरबी, आणि दोन प्रती असलेल्यांच्या यकृतात सुमारे चौदा टक्के.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. जनुक तेच, पण वाढलेल्या वजनाने त्याला बळ दिले. वजन आटोक्यात असताना तेच जनुक जवळपास गप्प होते. जन्माने मिळालेल्या गोष्टीने सगळे ठरत नाही. उलट ज्याच्या घरात हा आजार आहे, त्याला पोटाचा घेर कमी करण्याचा फायदा इतरांपेक्षा जास्त मिळू शकतो.

घरातला इतिहास विचारा

'जनुक चाचणी करा आणि धोका जाणून घ्या' अशा जाहिराती आता मोबाइलवर येतात. त्यावर हजारो रुपये घालवू नका. वय, शुगर, घेर आणि साध्या रक्ततपासण्यांवरून जो अंदाज येतो, त्यात जनुक चाचणीने थोडीच भर पडते. रोजच्या उपचारात ती करायला तज्ज्ञ सांगत नाहीत.

घरातला इतिहास मात्र फुकट मिळतो आणि उपयोगी पडतो. फॅटी लिव्हरमधून सिरॉसिस झालेल्या रुग्णांच्या आई-वडील, भावंडे आणि मुलांची अमेरिकेत तपासणी केली, तेव्हा त्यांच्यात यकृतावर जास्त व्रण असण्याचा धोका इतरांच्या सुमारे १२ पट आढळला. म्हणून आजीला, मावशीला, काकांना विचारा: आपल्यात कोणाला मधुमेह होता? कोणाच्या पोटात पाणी झाले होते? ते दारू घेत होते का? "लिव्हर खराब झालं आणि गेले" एवढेच सांगून विषय मिटवला जातो. न पिणाऱ्या माणसाचे लिव्हर खराब झाले असेल, तर ती माहिती त्याच्या मुलांच्या कामाची आहे.

तीन तपासण्या आणि एक गणित

यकृतात व्रण असण्याची शक्यता किती, याचा पहिला अंदाज घ्यायला डॉक्टर 'फिब-फोर' नावाचे गणित करतात. त्याला चार आकडे लागतात: वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट. काही लॅब एसजीओटीला एएसटी आणि एसजीपीटीला एएलटी लिहितात. या तपासण्या स्वस्त आहेत, सरकारी दवाखान्यांतही होतात.

गणित असे: वयाला एसजीओटीने गुणा. आलेल्या संख्येला प्लेटलेटच्या आकड्याने भागा. मग एसजीपीटीच्या वर्गमुळाने भागा. प्लेटलेट हजारांत घ्यायच्या. रिपोर्टवर २.५ लाख असेल तर २५० धरा. वर्गमूळ मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर निघते, दहावीतली मुलगी दोन मिनिटांत काढून देईल.

समजण्यासाठी तीन उदाहरणे घेऊ.

पहिले: वय ४५, एसजीओटी ३६, एसजीपीटी ४९, प्लेटलेट २.५ लाख. ४५ गुणिले ३६ म्हणजे १६२०. ४९ चे वर्गमूळ ७, त्याला २५० ने गुणले की १७५०. १६२० भागिले १७५० म्हणजे ०.९३.

दुसरे: वय ५२, एसजीओटी ४८, एसजीपीटी ६४, प्लेटलेट १.५ लाख. उत्तर २.०८.

तिसरे: वय ५८, एसजीओटी ६०, एसजीपीटी ३६, प्लेटलेट १.२ लाख. उत्तर ४.८३.

उत्तर १.३ पेक्षा कमी आले तर जास्त व्रण असण्याची शक्यता कमी. १.३ ते २.६७ च्या मध्ये आले तर पुढची तपासणी हवी. २.६७ च्या वर आले तर यकृताच्या डॉक्टरांकडे लवकर जायला हवे. तिसऱ्या उदाहरणातला एसजीपीटी लॅबच्या मर्यादेत बसणारा आहे, तरी धोका सर्वात जास्त. "एसजीपीटी नॉर्मल आहे, काही नाही" असे म्हणून थांबू नये, ते यासाठी.

हे गणित करताना काही पथ्ये पाळा. ३५ वर्षांखाली ते भरवशाचे नाही. ६५ वर्षांनंतर १.३ ऐवजी २ ही मर्यादा धरतात. डेंग्यू, मलेरिया, कावीळ चालू असताना काढलेल्या रिपोर्टवर ते करू नका, कारण तेव्हा प्लेटलेट आणि एसजीओटी तात्पुरते बदललेले असतात. हे निदान नाही, फक्त गाळणी आहे. आकडा मोठा आला म्हणजे सिरॉसिस झालाच, असे मुळीच समजू नका.

पुढची तपासणी म्हणजे फायब्रोस्कॅन. सोनोग्राफीसारखीच, न दुखणारी, यकृत किती कडक झाले ते मोजणारी. काही सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत ती मिळते. जाण्याआधी चौकशी करा. त्याच वेळी हिपॅटायटीस बी आणि सी या दोन तपासण्याही एकदा करून घ्या, कारण ती काविळ लपून बसलेली असेल तर उपचार वेगळा असतो.

आकडा कमी आला तरी काम संपत नाही. शुगर असेल तर दर एक-दोन वर्षांनी आणि नसेल तर दोन-तीन वर्षांनी गणित पुन्हा करा.

काय केले की उतरते?

यकृत स्वतःला सुधारणारा अवयव आहे. वजन तीन ते पाच टक्के उतरले की चरबी कमी होऊ लागते. सात ते दहा टक्के उतरले की सूज कमी होते आणि दहा टक्क्यांवर व्रणही काही प्रमाणात मागे हटू शकतात. ७० किलोच्या माणसासाठी याचा अर्थ साडेतीन किलो, पाच किलो आणि सात किलो. आठवड्याला अर्धा किलो पुरे. कडक उपास करून झपाट्याने वजन उतरवणे यकृताला झेपत नाही.

जेवणात काय बदलायचे? कोल्ड्रिंक आणि पाकिटबंद फळांचे रस आधी बंद करा. दिवसात पाच गोड चहा होत असतील तर दोनवर आणा, साखर निम्मी करा. बिस्किटे, फरसाण, तळलेले वडे रोजचे नकोत. ताटात रेशनचा भात कमी आणि डाळ, उसळ, अंडी, मासळी, पालेभाजी जास्त. सुकट किंवा बोंबील खारे असतील तर धुऊन घ्या, बीपीवाल्यांनी बेताने खा. ज्वारी-बाजरीची भाकरी चांगली, पण मोजून. घरात महिन्याला किती तेल येते ते लिहून ठेवा, मग कमी करायचे कुठे ते दिसेल.

आठवड्यातून पाच दिवस, रोज अर्धा तास भरभर चाला. वस्तीत चालायला जागा नसते, दिवसभर धुणी-भांडी करून बाई थकलेली असते, हे ठाऊक आहे. एक स्टॉप आधी उतरणे, संध्याकाळी चार जणींनी मिळून विहाराच्या आवारात किंवा मैदानात फेऱ्या मारणे, हे जमू शकते.

यकृतात चरबी असताना दारूचे कोणतेच प्रमाण सुरक्षित नाही. शुगर आणि दारू एकत्र आली की व्रण वेगाने वाढतात. तंबाखू, मिश्रीही सोडा.

'लिव्हर साफ करणारी' टॉनिके आणि काढे घेऊ नका. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती. झाडपाल्याचे म्हणजे निर्धोक, असे नसते. उलट शुगर, बीपी आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्या "लिव्हरला त्रास होईल" म्हणून आपल्या मनाने बंद करू नका. कोलेस्टेरॉलसाठी दिली जाणारी स्टॅटिन गोळी फॅटी लिव्हर असताना साधारणपणे सुरक्षित असते. शंका असेल तर डॉक्टरांना विचारा.

तपासणी मागा

फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने मधुमेह, कॅन्सर, हृदयविकार यांच्यासाठीच्या राष्ट्रीय कार्यक्रमात फॅटी लिव्हरचा समावेश केला. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची बीपी-शुगर तपासणी आणि घेराची नोंद याच कार्यक्रमात होते. आशाताई फॉर्म भरायला आल्या की "वेळ नाही" म्हणून परत पाठवू नका. जवळच्या आरोग्य केंद्रात किंवा पालिकेच्या दवाखान्यात जाऊन स्पष्ट विचारा: "माझी शुगर आहे, घेर जास्त आहे. एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट तपासून फिब-फोर काढून द्याल का?" एवढे वाक्य कागदावर लिहून नेले तरी चालेल.

या आठवड्यात करायची पाच कामे

१. घरातल्या तिशीपुढच्या प्रत्येकाचा पोटाचा घेर मोजून वहीत तारखेसह लिहा.
२. वडीलधाऱ्यांना विचारून घरातल्या मधुमेहाची आणि यकृताच्या आजाराची नोंद त्याच वहीत करा.
३. जुने रिपोर्ट शोधून काढा. 'फॅटी लिव्हर' लिहिलेला एकही रिपोर्ट कपाटात पडून राहू देऊ नका.
४. घेर जास्त, शुगर, किंवा घरात सिरॉसिस, यातले एक जरी असेल तर तीन रक्ततपासण्या करून घ्या.
५. कोणाच्या रिपोर्टवर फॅटी लिव्हर आले तर "पितोस का?" हा पहिला प्रश्न नको. "शुगर तपासलीस का?" हे विचारा आणि सोबत दवाखान्यात जा.

पाय सुजणे, पोट फुगून पाणी होणे, डोळे पिवळे होणे, रक्ताची उलटी, काळी शौच किंवा बोलण्यात भ्रम, यातले काहीही दिसले तर गणित करत बसू नका. त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा.